कीर्तिनगर ते ऋषिकेश: अलकनंदेच्या पाण्याबरोबर

खानदेशातली माणसे हरिद्वारच्या किंवा चारधामच्या निमित्ताने ऋषिकेशला गेली की बहुधा शिवपुरीहून राफ्टमध्ये बसतात आणि १६ किलोमीटरचे अंतर दीड-दोन तासांत पार करून उतरतात. चार-पाच मोठे रॅपिड, म्हणजे नदीचे उसळते, वेगवान टप्पे, लागतात, अंग चिंब होते, छायाचित्रे निघतात आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळे आटोपते. या दिवाळीनंतर आम्ही नात्यातली आणि शेजारची काही माणसे मात्र शिवपुरीच्या कितीतरी वर, अलकनंदेच्या काठी कीर्तिनगरला पोहोचलो आणि तिथून देवप्रयागमार्गे, म्हणजे अलकनंदा-भागीरथीच्या संगमावरून, ऋषिकेशपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर, नदीतूनच खाली आलो. दिवसभर पाण्यावर राहायचे, संध्याकाळी वाळूवर तंबू ठोकायचे आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात राफ्ट ढकलायची, असा तो क्रम होता.

हा मार्ग निवडण्यामागे माझा हट्ट होता. मी भूगोल शिकवते, आणि संगमाचा विषय निघाला की आमच्या भागात चांगदेवचे नाव येतेच. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात. परंतु हतनूर धरणाचा फुगवटा तिथपर्यंत पसरलेला असल्यामुळे वर्षाचा मोठा काळ तिथे दोन नद्या दिसतच नाहीत, दिसतो तो एकच रुंद आणि संथ जलाशय. सहलीला नेलेली मुले “मॅडम, पूर्णा नेमकी कुठे संपली?” असे विचारतात, तेव्हा बोट दाखवावे असे माझ्यापुढे काही नसते. स्वतःच्या वेगाने येणाऱ्या दोन नद्या एकमेकींत मिसळताना पाहायच्या, आणि त्याही रस्त्याच्या कठड्याला टेकून नव्हे, तर त्यांतल्या एकीच्या पाण्यावरून संगमात शिरून पाहायच्या, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांपासून निघालेली अलकनंदा विष्णुप्रयागला धौलीगंगा, नंदप्रयागला नंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर आणि रुद्रप्रयागला मंदाकिनी पोटात घेत खाली येते. १९७७ मध्ये सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून जेट बोटींनी याच पाण्यातून उलट्या दिशेने चढत जाण्याची मोहीम काढली होती आणि ती नंदप्रयागजवळ एका धबधब्यापाशी थांबली. पूर्वी राफ्टिंगच्या लांब मोहिमा रुद्रप्रयागपासून सुटत असत. आता मध्ये गढवालमधल्या श्रीनगरचे धरण आहे. ३३० मेगावॅटचा हा प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला, आणि तिथे नदीचे पाणी कालव्याने वीजगृहाकडे वळवले जात असल्यामुळे सलग प्रवास करायचा असेल तर वीजगृहाच्या खालून, कीर्तिनगरच्या बाजूने सुरुवात करणे भाग आहे. म्हणजे ज्या प्रश्नामुळे मी इथवर आले होते, तो प्रश्न पहिल्याच धक्क्यावर माझ्यासमोर उभा होता.

आमच्यात सर्वांत मोठे होते ते आप्पा, माझे चुलतसासरे. यावल तालुक्यात तापीच्या काठी त्यांची केळीची बाग आहे आणि लहानपणापासून ते तापीच्या डोहात पोहत आलेले आहेत. काठावर गाईडने लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आवळून दिल्या, हेल्मेट घालायला लावले आणि पाण्यात पडल्यावर काय करायचे ते सांगायला सुरुवात केली. उताणे व्हायचे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे, आणि पाणी कमरेएवढे उथळ वाटले तरी उभे राहायचे नाही. आप्पांनी अदबीने विचारले, “पोहता येणाऱ्या माणसाने उभे का राहायचे नाही?” त्या तरुणाने वाकून हाताच्या दोन मुठी एकमेकींजवळ धरल्या आणि मधल्या फटीत बोट घालून दाखवले. तळाच्या दोन गोट्यांच्या मध्ये पाऊल अडकले की मागून येणारे पाणी माणसाला पुढे लोटते, पाऊल सुटत नाही आणि डोके पाण्याखाली जाते. चांगले पोहणारेही असेच दगावतात. आप्पांनी मान डोलावली आणि काठच्या उथळ पाण्यात उताणे होऊन ती स्थिती दोनदा करून पाहिली. त्यानंतर आमच्या सगळ्यांच्याच मनातून “आम्हाला पाणी ठाऊक आहे” ही भावना गेली, आणि ते फार बरे झाले.

आम्ही बसलो त्या राफ्ट हवा भरलेल्या रबरी होत्या आणि त्यांच्या तळातून पाणी आपोआप बाहेर पडण्याची सोय होती. त्यांच्यासोबत सामानाची एक वेगळी राफ्ट होती, जी एकच माणूस मध्यभागी बसून दोन लांब वल्ह्यांनी चालवत असे. तंबू, शिधा, भांडी, गॅस आणि आमच्या कपड्यांच्या, पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅग तिच्यावर दोरांनी करकचून बांधलेल्या होत्या. एक कयाकवाला, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या होडीतला माणूस, नेहमी आमच्या पुढे असे. तो प्रत्येक रॅपिड आधी उतरून खालच्या शांत पाण्यात वळून थांबे, म्हणजे कोणी पडलेच तर त्याला उचलता यावे. त्या माणसाकडे पाहून मला जेवढा धीर आला, तेवढा लाइफ जॅकेटनेही आला नाही.

रॅपिड कुठे येणार हे डोंगराकडे पाहून आधीच ओळखता येते, ही या प्रवासात मला सर्वांत आवडलेली गोष्ट. बाजूच्या कड्यांतून एखादा गदेरा, म्हणजे डोंगरी ओढा, मुख्य नदीला येऊन मिळतो. पावसाळ्यात तो बैलाएवढे धोंडे लोटत आणतो आणि नदीच्या पात्रात पंख्यासारखा पसरवून टाकतो. त्या ढिगाऱ्याने पात्र अरुंद होते, वरच्या बाजूला पाणी तुंबून डोह होतो, आणि मग तेच पाणी त्या अरुंद जागेतून एकदम खाली झेपावते. त्यामुळे मोठ्या रॅपिडच्या आधी नदी जवळजवळ निःशब्द असते. राफ्ट रेंगाळते, खडकावरचा पाणकावळा पंख वाळवताना दिसतो, आणि पुढून मात्र जमिनीतून यावा तसा एक घुमणारा आवाज येत राहतो. पुस्तकात आपण ‘निक्षेपण’ हा शब्द शिकवतो. इथे तो निक्षेप आपल्याला अंगावर येऊन कळतो.

गाईडने पाणी वाचायलाही शिकवले. खाली निमुळती होत गेलेली गुळगुळीत पाण्याची जीभ दिसली की तिथे वाट आहे; तोच कोन उलटा, टोक वरच्या बाजूला करून दिसला की टोकाशी पाण्याखाली खडक आहे. लाटा समुद्रासारख्या पुढे सरकत नाहीत, त्या जागच्या जागी उभ्या असतात आणि त्यांच्यातून पाणी सरकते. मोठ्या खडकावरून पडलेले पाणी त्याच्या पाठीशी उलटे फिरते, त्याला हे लोक होल म्हणतात आणि त्यापासून दूर राहतात, कारण ते राफ्टला धरून ठेवते. काठालगत, एखाद्या सुळक्याच्या आडोशाला मात्र पाणी हळूच वरच्या दिशेने परत येत असते, ती एडी. “फॉरवर्ड, फॉरवर्ड” अशा गर्जनेत लाटांमधून आपटत आल्यावर गाईड एका बाजूला पॅडल रोवून राफ्ट वळवी आणि यात्रेच्या गर्दीतून माणूस एखाद्या ओसरीवर सरकावा तशी ती एडीत शिरे. तिथे थांबून मागे वळून पाहिले की आपण कशातून आलो ते दिसायचे. काही वेळाने मी आणि माझी भाची पुढचा रॅपिड दिसताच वाट कुठून असेल याचा अंदाज बांधू लागलो. तिचा अंदाज माझ्यापेक्षा अधिक वेळा बरोबर येई.

पहिला मुक्काम अलकनंदेच्या उजव्या काठावर, बारीक चांदीसारख्या वाळूवर झाला. तंबू पाण्यापासून बरेच वर, झाडांच्या रेषेजवळ लावले होते आणि राफ्टसुद्धा उचलून वर आणून मोठ्या दगडाला बांधल्या होत्या. आम्हाला हे जरा जास्तच वाटले, कारण आभाळ निरभ्र होते आणि पावसाची कसलीच चिन्हे नव्हती. गाईडने पाण्याच्या कडेला गोट्यांची एक रांग लावली आणि म्हणाला, रात्रीतून हिच्याकडे पाहत राहा. जेवणे झाली तेव्हा ती रांग पाण्यात गेली होती. वरच्या वीजगृहाला विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सोडावे लागते, त्यामुळे नदी दिवसातून वर-खाली होत राहते. आप्पांनी ते ऐकले आणि लगेच म्हणाले, “म्हणजे हतनूरसारखेच.” हतनूरचे ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात त्यांतले किती उघडले याच्या बातम्या आमच्याकडे लोक रोज पाहतात आणि काठावरच्या शेतकऱ्यांची पाण्याच्या मोटारी वर घेण्याची धावपळ होते. फरक एवढाच की आमच्याकडे हे पावसाळ्यात होते, तर इथे कोरड्या, स्वच्छ कार्तिकातही नदीला दुसऱ्याच कोणाच्या वेळापत्रकाने चालावे लागते.

त्या रात्रीचे जेवण मात्र पूर्ण आपल्याकडचे होते. वहिनींनी घरून भरताची हिरवी-पांढरी मोठी वांगी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती आणि कळण्याचे पीठही घेतले होते. वाळूवर थेट जाळ करायला गाईडने मनाई केली, कारण कोळसे आणि काळे डाग मागे राहतात. त्याने लोखंडी पाटावर निखारे करून दिले आणि सकाळी राखसुद्धा पिशवीत भरून घेतली. वांगी भाजली, ठेचली, लसूण-मिरचीची फोडणी पडली, आणि त्या थंडीत कळण्याच्या भाकरीबरोबर ती मंडळी इतक्या आवडीने जेवली की स्वयंपाक करणाऱ्या गढवाली मुलाने वहिनींकडून कृती नीट विचारून घेतली.

देवप्रयागला आम्ही पुढच्या दिवशी दुपारी पोहोचलो. नदी एक वळण घेते, उतारावर एकावर एक रचलेली घरे दिसू लागतात, वर रघुनाथाच्या मंदिराचा कळस दिसतो, आणि मग समोरून, डोंगराच्या दुसऱ्या कुशीतून, भागीरथी येते. अलकनंदेवरून त्या दिशेने जाताना मला सर्वांत आधी बदलला तो आवाज जाणवला, मग राफ्टखालचे पाणी. दोन प्रवाह ज्या रेषेवर भिडतात तिथे पाणी उकळल्यासारखे वर येते, छोटे भोवरे होतात आणि विरतात, आणि राफ्ट क्षणभर कोणाच्या ओढीने जावे हे न कळल्यासारखी थरथरते. आमच्या बाजूचे पाणी किंचित दुधाळ हिरवे होते, पलीकडचे अधिक गडद आणि निवळ. गाईडने घाटाच्या खालच्या बाजूला एडीत राफ्ट लावली आणि आम्ही पायऱ्यांवर गेलो. प्रवाह इतका ओढतो की स्नान करणाऱ्यांसाठी पायऱ्यांना साखळ्या लावलेल्या आहेत. आप्पांनी एका हाताने साखळी धरून तीन डुबक्या घेतल्या. माझी भाची पाण्यातली ती रेषा बराच वेळ पाहत उभी राहिली आणि मग म्हणाली, “मावशी, आता तुझ्या मुलांना दाखवायला फोटो काढ.” मी काढला, आणि तो आता वर्गात लावलेला आहे.

तरीही तिथे उभे राहून मला निखळ आनंद झाला असे म्हणता येणार नाही. भागीरथीचे पाणी इतके निवळ का, याचे उत्तर वर टिहरीत आहे. २६०.५ मीटर उंचीचे ते धरण गंगोत्रीकडून येणारा गाळ अडवते, त्याच्या खाली कोटेश्वरचे धरण आहे, आणि देवप्रयागला पोहोचणारी भागीरथी या दोन्ही वीजगृहांतून सुटून आलेली असते. दुसरीकडे अलकनंदेचेही श्रीनगरला तेच झालेले आहे. म्हणजे ज्या दोन मोकळ्या नद्या पाहायला मी आले होते, त्या दोन्ही आता मोजून सोडलेल्या आहेत. याच परिसरात कोटली भेल या नावाने आणखी तीन प्रकल्पांचे प्रस्ताव होते, एक भागीरथीवर, एक अलकनंदेवर आणि एक संगमाखाली गंगेवर. ते प्रत्यक्षात आलेले नाहीत. आले असते तर देवप्रयागच्या वर आणि खाली लांबच लांब साचलेले पाणी दिसले असते, आम्ही ज्यावरून आलो ते रॅपिड त्याखाली गेले असते, आणि चांगदेवला मुले जो प्रश्न मला विचारतात तो इथल्या मुलांनीही विचारला असता. वीज आम्हालाही लागते आणि हतनूरच्या पाण्यावर आमच्या भागातली गावे जगतात, हे मी जाणते. परंतु जिथे दोन नद्या अजून डोळ्यांना वेगळ्या दिसतात अशी एखादी जागा तरी तशीच राहू द्यावी, असे मला अगदी मनापासून वाटते.

देवप्रयागच्या खाली नदीचे नाव गंगा होते आणि तिचा स्वभावही बदलतो. पात्र खोल, लाटा कमी आणि दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तासन्‌तास पॅडल मांडीवर ठेवून नुसते वाहत जाता येते. काठचे गोटे पाहण्यासारखे आहेत. आपल्याकडे नदीत बहुतेक काळा बेसाल्ट. इथे पांढरे, गुलाबी, हिरवट क्वार्टझाईट आणि पदर सुटणारे फायलाईट, आणि त्यांच्यामध्ये पाण्याने अंड्यासारखे घासून काढलेले किती तरी प्रकार. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात आम्ही ज्या चक्रवाकांना पाहतो, त्यांची एक जोडी वाळूच्या टोकावर बसलेली होती. शेपटी उघडझाप करणारे छोटे लालबुड्या रेडस्टार्ट तर प्रत्येक ओल्या खडकावर होते. या शांत टप्प्यातच डोंगराच्या जखमाही नीट दिसतात. बद्रीनाथच्या रुंदावलेल्या रस्त्याचा राडारोडा कित्येक ठिकाणी उतारावरून थेट पाण्यापर्यंत आलेला आहे, आणि ऋषिकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची बोगद्यांची तोंडे अधूनमधून दिसतात.

कौडियालाच्या खाली सगळ्यांचे बोलणे थांबले, कारण तिथे ‘द वॉल’ नावाचा रॅपिड आहे आणि ऋषिकेशच्या पट्ट्यात त्याचाच धाक सर्वाधिक. गाईडने राफ्ट वरच लावल्या आणि आम्हाला खडकांवरून चालत नेऊन तो संपूर्ण दाखवला: पाणी कुठून आत जाते, कुठे उभे राहते, राफ्ट उलटली तर माणसे कोणत्या बाजूला वाहतील. मग त्याने प्रत्येकाला विचारले. आप्पांनी आणि वहिनींनी काठाने चालत जाण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांना कोणीही आग्रह केला नाही. चांगला गाईड ओळखण्याची मला ही सर्वांत सोपी खूण वाटते. आम्ही उरलेले शिरलो. पहिल्या लाटेने राफ्टचे नाक आभाळाकडे केले, दुसरीने माझ्या डोळ्यांसमोर फक्त हिरवे पाणी ठेवले, आणि त्या दोहोंच्या मध्ये पॅडल हवेत फिरत असल्याचे मला कळले. “गेट डाऊन” ऐकू आले, आम्ही तळाशी बसून दोर धरला, राफ्ट एका बाजूवर चढली, थबकली, आणि सरळ झाली. खाली कयाकवाल्याने पॅडल उभे करून सगळे ठीक असल्याची खूण केली. काठावरून आप्पा दोन्ही हात वर करून ओरडत होते, “शाब्बास रे भो!”

त्या पुढचा मुक्काम वाळूवर झाला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात नदीकाठी तंबूंची वस्ती करण्यास मनाई केली, त्यामुळे आम्ही वर रस्त्याच्या बाजूला एका साध्या निवासात राहिलो. नदीचा आवाज दूर गेला याचे वाईट वाटले, पण हा निर्णय मला योग्य वाटतो. काठावरचे शेकडो तंबू म्हणजे शेकडो शौचालये, दिवे आणि गाणी, आणि ते सगळे अखेर त्याच पाण्यात उतरते. वरच्या टप्प्यातही आम्ही आमचा सर्व कचरा राफ्टवर घेऊन खाली आणला होता, आणि ते अवघड मुळीच नव्हते.

शिवपुरीला नदीवर एकदम गर्दी झाली. ‘रिटर्न टू सेंडर’, ‘रोलर कोस्टर’, ‘गोल्फ कोर्स’ हे रॅपिड उत्तम आहेत, परंतु एकामागून एक राफ्ट रांगेने सुटत असतात आणि पहिला अर्धा रॅपिड पार करायच्या आत मागची राफ्ट जवळ येते. एडीत थांबून मागे पाहायला इथे कोणालाच वेळ नव्हता. या लोकांचा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. फक्त त्यांना या नदीचा शेवटचा छोटासा भागच भेटतो, आणि आधीच्या डोहांशिवाय या रॅपिडना अर्धाच अर्थ उरतो असे मला वाटते.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. भुसावळहून दिल्लीपर्यंत रेल्वे आणि तिथून रस्त्याने ऋषिकेश हा सरळ मार्ग आहे. तिथून कीर्तिनगरपर्यंत जीप मिळते. पावसाळ्यात राफ्टिंग बंद असते. लांब प्रवासासाठी दिवाळीनंतरचा काळ किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम, मात्र पाणी बारा महिने थंड असते, म्हणून सुती कपडे टाळून लवकर वाळणारे घ्यावेत आणि रात्रीसाठी लोकरीचे वेगळे, ड्राय बॅगेत ठेवावेत. ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: सोबत सेफ्टी कयाक असणार का, धरणांच्या पाणी सोडण्याच्या वेळा गाईडला कोणाकडून कळतात, आणि मोठा रॅपिड कोणाला टाळायचा असेल तर काठाने चालत जाण्याची मुभा आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर टाळाटाळीचे आले तर दुसरीकडे चौकशी करावी. हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि पोहता येत असो वा नसो, काठच्या शांत पाण्यात लाइफ जॅकेट घालून उताणे तरंगण्याचा सराव प्रत्येकाने पहिल्या दिवशी करूनच पुढे निघावे.